पायलीने भरलेली काडतुसं

कर्णिक साहेबांनी लांबी मोजायचा व्हर्नियर टेबलावर ठेवला, चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि मला विचारलं, "मॅडम, पितळ काय रात्रीत वाढतं का?"

"पितळ नाही वाढत, साहेब. काडतूस वाढतं."

"एकच झालं ना."

एकच झालं नव्हतं, पण साहेब आमचे प्लांट हेड होते, वय चौतीस, आणि सकाळचे नऊ वाजले होते. सकाळी नऊ वाजता मी सहसा कुणाला शिकवायला जात नाही.

तुम्हाला मात्र सांगते. काडतूस चार वस्तूंचं असतं. पितळेचं नळकांडं, त्याला आम्ही केस म्हणतो. केसच्या बुडाला ठिणगी पाडणारा प्रायमर. पोटात पावडर. आणि तोंडाशी घट्ट बसवलेली बुलेट. बंदुकीतून उडून जाते ती फक्त बुलेट. लोक अख्ख्या काडतुसाला गोळी म्हणतात आणि माझ्यासमोर म्हणाले तर ऐकून घेतात. माझ्या जावयाला मी आतापर्यंत तीनदा दुरुस्त केलंय. हल्ली तो विषयच काढत नाही.

मी एकतीस वर्षं सरकारी दारूगोळा कारखान्यात भरणा विभागात होते. रिटायर झाले, शेलारला घरी बसले, आणि दोन महिन्यांत घरातल्यांना नकोशी झाले, कारण मी किराणा आला की डाळ-साखर पुन्हा वजन करून बघायची. तेवढ्यात दिघाशीच्या पलीकडे, वस्तीपासून लांब, माळावर एका खाजगी कंपनीला परवाना मिळाला. नेमबाजीच्या लांब पल्ल्याच्या रायफलींसाठी चाचणीचे छोटे लॉट करायचे. मशीनवर नाही, हाताने, एकेक काडतूस तोलून. त्यांना हाताला सवय असलेलं माणूस हवं होतं. सुनेने माझा डबा स्वतः भरून दिला.

शेडमध्ये शिरताना नियम एकच, अंगावर पॉलिस्टरचा धागा नको. पॉलिस्टर घासलं की स्टॅटिक होतं, आणि पावडरीजवळ एक ठिणगी पुरते. अख्खी भिवंडी रात्रंदिवस लूमवर पॉलिस्टर विणते आणि तिथल्याच आम्ही बायका-माणसं सुती कपडे शोधत फिरायचो. कर्णिक साहेब पहिल्या दिवशी चकचकीत जाकीट घालून आले. मी त्यांना दारातच अडवलं. तेव्हापासून आमचं नातं जरा जपूनच होतं.

आता दुखणं काय होतं ते सांगते. लांब पल्ल्याच्या काडतुसात हळू जळणारी पावडर घालतात, आणि ती जास्त लागते. केस गळ्यापर्यंत भरते. मग वरून बुलेट बसवताना ती पावडरीवर दाबली जाते, कुरकुर आवाज येतो. याला कम्प्रेस्ड चार्ज म्हणतात. मापात असेल तर त्यात काही गैर नाही. माहेरहून निघालेल्या मुलीची बॅग कशी, वर बसून चेन लावावी लागते, तसं. पण बॅग फारच फुगली असेल तर चेन हळूहळू आपली आपण मागे सरते. आधल्या आठवड्यात पावडरीचा नवा लॉट आला होता. वजन तेच, पण दाणा फुगीर. आम्ही संध्याकाळी काडतुसं मोजून पेटीत ठेवायचो, आणि सकाळी त्यातली निम्म्याहून जास्त कणभर लांब झालेली असायची. आत दाबलेली पावडर बुलेटला बाहेर ढकलत होती. कणभर म्हणजे तुमच्या-आमच्या हिशेबात काहीच नाही. रायफलीच्या हिशेबात ते काडतूस बाद.

हे मी साहेबांना शनिवारीच सांगितलं होतं. तेव्हा ते फोनवर होते. त्यांनी मान डोलावली, मला वाटलं झालं काम. ती मान फोनवरच्या माणसासाठी डोलत होती.

त्यामुळे साहेबांनी स्वतःच्या डोक्याने निष्कर्ष काढला. संध्याकाळी माल बरोबर, सकाळी चूक. मध्ये माल स्टोअरमध्ये. स्टोअरची चावी भोईरांकडे. म्हणजे भोईर.

गणपत भोईर आमचे स्टोअरकीपर. राहणार दिघाशी, पन्नाशीचे, घरची थोडी भातशेती. बोलणं कमी. चावी सुतळीत ओवून गळ्यात. साहेबांनी त्यांना बोलावलं.

"भोईर, खरं सांगा. पेट्या कोण उघडतं?"

"मी लावतंव, मीच उघडतंव. मधी कोन न्हाय."

"मग लांबी कशी वाढते?"

"ते मना ठावं न्हाय, साहेब. पन मी कशाला वाढवू? वाढवून मना काय भेटनार हाय?"

मला हा प्रश्न बिनतोड वाटला. साहेबांना वाटला नाही. "सॅबोटाजमध्ये लॉजिक नसतं," म्हणाले, आणि लॅपटॉप ओढून हेड ऑफिसला पत्र टाइप करायला घेतलं. विषय, काडतुसांशी छेडछाड.

या एका शब्दाचं आमच्या धंद्यात काय होतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही. इथल्या झाडूवाल्याचंही पोलीस व्हेरिफिकेशन होतं. असं पत्र गेलं की ते हेड ऑफिसमधून पोलीस ठाण्यात जातं. माणसाचा पास रद्द होतो. मग राहनाळच्या गोडाऊनवर वॉचमन म्हणूनसुद्धा कुणी उभं करत नाही, कारण तिथेही आता पहिला कागद तोच मागतात. भोईरांना हे माहीत होतं. त्यांनी गळ्यातली चावी काढून टेबलावर ठेवली. मला साहेबांचा राग आला, आणि शनिवारी फोन संपायची वाट न पाहणाऱ्या माझाही आला.

भांडून काही होणार नव्हतं. साहेबांना वाद आवडायचा नाही, पण पुरावा हा शब्द फार आवडायचा.

"साहेब," मी म्हटलं, "पत्र जाऊ द्या, बरोबरच आहे. पण हेड ऑफिस पुरावा मागणार."

त्यांची बोटं थांबली.

"आजची पेटी तुम्ही स्वतः मोजा. सील तुमचं, सही तुमची, चावी तुमच्या घरी. भोईरांना सुट्टी द्या. उद्या माल होता तसाच निघाला की तुमचं म्हणणं सिद्ध."

साहेब इतके खूश झाले की त्यांनी मला चहा मागवला. त्या दिवशी पन्नास काडतुसं त्यांनी स्वतः मोजली. पेटीला तीन सील लावली, प्रत्येकावर सही, प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो. फोटो काढायला पेटी शेडबाहेर न्यावी लागली, कारण मोबाइल आत चालत नाही, तीही त्यांनी स्वतः उचलून नेली. चावी घेऊन ठाण्याला घरी गेले. भोईर दिघाशीला गेले. मी शेलारला जाऊन मजेत जेवले.

सकाळी साहेब माझ्याआधी हजर. सील शाबूत. पेटी उघडली, मोजायला बसले. पहिलं काडतूस बघून व्हर्नियर बदलला. पाचवं बघून घाम पुसला. पन्नासातली चौतीस लांब होती.

शेडच्या दाराशी लॅमिनेट केलेली सूचनांची पाटी आहे. मसुदा साहेबांचाच. मी तिच्यापुढे उभी राहिले आणि सातवी सूचना मोठ्याने वाचली. "पेटीतील मालात फरक आढळल्यास, ज्याच्याकडे शेवटची चावी होती तो जबाबदार धरला जाईल." मग वळून विचारलं, "साहेब, पत्रात नाव बदलावं लागेल. स्पेलिंग तुम्हीच सांगता का?"

साहेब चिडले की हिंदीत जातात. "जाधव मॅडम, ये मज़ाक का टाइम नहीं है।"

"मजाक नाही हो. घरी नेलेली चावी म्हणून विचारते. रात्री तुम्ही वाढवलीत, की पितळानं?"

साहेब खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "समजावून सांगा." फोन बाजूच्या खोलीत होता. मी समजावलं. बॅगेचं उदाहरण त्यांना लगेच पटलं, नुकतंच लग्न झालं होतं.

मला वाटलं आता पत्र फाडतील. त्यांनी ते प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

"साहेब, आता कशाला?"

"शुक्रवारी शिंदे साहेब येतायत. लॉट रिजेक्ट झाला तर मला हेड ऑफिसला काहीतरी कारण द्यावं लागेल. प्रॉब्लेम सुटू दे, मग बघू." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. तेवढी लाज होती, हे मी त्यांच्या खात्यावर जमा धरते.

शिंदे साहेब म्हणजे माल घेणाऱ्या संस्थेचे तपासनीस. फौजेतले रिटायर सुभेदार, साताऱ्याकडचे. त्यांची ख्याती अशी की माल थोडा इकडेतिकडे असेल तर दुरुस्त करायला वेळ देतील, पण रेकॉर्डमध्ये एक खोटं सापडलं की अख्खा लॉट परत. शुक्रवारला तीन दिवस होते, आणि भोईरांची नोकरी ड्रॉवरमध्ये होती.

रोग मला कळला होता, औषध माहीत नव्हतं. हे कबूल करायला मला अर्धा दिवस लागला. जुन्या कारखान्यात केस हलवून पावडर बसवणारं कंपनयंत्र होतं. इथे ते आणायचं तर परवानगीला तीन महिने. साहेब म्हणाले, बुलेट जरा जोरात दाबा. मी म्हटलं, जोर केला की केसचा गळा फुगतो, नाहीतर बुलेटचं नाक चेपतं. मग म्हणाले, पावडर कमी घाला. कमी घातली की वेग कमी, आणि वेग ऑर्डरमध्ये लिहिलेला. मग म्हणाले, फेविकॉल.

दुपारी मी छोट्या नरसाळ्यातून पावडर ओतत बसले होते. भोईर पेट्या न्यायला आले. चावी त्यांना परत मिळाली होती, पण तोंड उतरलेलंच होतं. दाराच्या पिवळ्या रेघेमागे उभे राहून ते माझे हात बघत होते.

"बाई, राग नसाल येत तं बोलू?"

"बोला."

"तुमी इकनाऱ्यासारखं वतता. घेनाऱ्यासारखं वता."

मी हात थांबवला. "म्हणजे?"

"आमचेकडं भात पायलीनं मोजायचे पयले. इकनारा काय करं, पायलीत बदकन वती. दाना आडवातिडवा पडं, मधी पोकळी ऱ्हाई. पायली बेगीन भरं. घेनारा शेट लबाड. तो सूप उंच धरी आनि बारीक धार सोडी, सावकास. दाना आपली जागा बघून बसं. तीच पायली, पन दीड मूठ भात जास्ती गिळं. माजा बापूस दर सुगीला भांडं त्येच्याशी." मग जरा थांबून म्हणाले, "तुमचे या दान्याला बी जागा कमीच हाय ना?"

नव्या पावडरीचा दाणा म्हणजे शेवयांचे बारीक तुकडे करावेत तसा. आडवातिडवा पडणारच. एकतीस वर्षं मी तोलण्यात घालवली आणि ओतण्याकडे कधी बघितलंच नाही. मला लाज वाटली. आणि लाजेपेक्षा आनंद जास्त झाला, कारण भोईर बरोबर बोलत होते हे मला ऐकता क्षणीच कळलं होतं.

आधी कॅन्टीनमध्ये जाऊन तांदळावर करून बघितलं. दोन सारखे स्टीलचे पेले, दोन्हींत तोलून सारखा तांदूळ. एकात मी बदकन ओतला, दुसऱ्यात भोईरांनी खुर्चीवर उभं राहून बारीक धारेने. त्यांच्या पेल्यात तांदूळ चांगला बोटभर खाली बसला. आचारी विचारत होता, खुर्चीवरून कशाला, भात काय वरून शिजतो?

साहेबांना दाखवलं. ते उत्साहात बाजारात गेले आणि पारदर्शक प्लास्टिकची नळी घेऊन आले. मी नळी त्यांच्याच शर्टाच्या बाहीवर चार वेळा घासून कागदाच्या कपट्यांवर धरली. कपटे उडून नळीला चिकटले. "साहेब, हे कपटे म्हणजे पावडर समजा," मी म्हटलं. नळी परत गेली. वर्कशॉपमधून दोन फुटांची पितळी नळी कापून आणली, आत गुळगुळीत करून घेतली, स्टँडला बांधून अर्थिंग दिलं, वर नरसाळं बसवलं. मग मी तोललेली पावडर चिमटीएवढी, धीराने, सोडत गेले. वजन तेच, पण पावडर गळ्याच्या खाली जाऊन बसली. बुलेट बसवताना कुरकुर अगदी नावाला आली. पन्नास काडतुसं भरली, पेटी लावली.

सकाळी पन्नासच्या पन्नास होती तशी. साहेबांनी तीनदा मोजली. मग उरलेला लॉट तसाच भरायला दोन दिवस लागले. माझी मान अजून दुखते.

कामाची पद्धत बदलली की एक फॉर्म भरावा लागतो. त्यात रकाना असतो, सूचना कोणाची. साहेबांनी तिथे स्वतःचं नाव लिहिलं.

"मॅनेजमेंट लेव्हलला असंच लिहावं लागतं, मॅडम. स्टोअरकीपरने सुचवलं म्हटलं तर आपण सगळे काय करत होतो असं विचारतील."

त्यात तथ्य होतं. मी भोईरांना विचारलं. ते म्हणाले, "लिवू द्या. माजं नाव त्या डावरातल्या कागदावरनं निघालं म्हंजे बस." मी साहेबांना म्हटलं, "लिहा मग. आणि पत्र फाडा." ते म्हणाले, "शुक्रवार होऊ दे."

शुक्रवारी शिंदे साहेब आले. पंचवीस नमुने उचलून रेंजवर घेऊन गेले, दुपारी परत आले. वेग बरोबर. लांबी बरोबर. शांतपणे एकेक कागद वाचत बसले. आम्ही तिघे उभे होतो. त्यांच्यासमोर साहेब, बाजूला मी, आणि त्यांच्या पाठीमागे दाराशी ट्रॉली धरून भोईर.

"ही नळीची युक्ती तुमची?" त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं.

"हो सर."

"छान आहे. सुचली कशी?"

इथे साहेबांनी नुसतं 'विचार करून' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माणूस खुशीत आला की पाय घसरतो. "आमच्याकडे भातशेती होती ना, सर. लहानपणी मी पायलीने भात मोजायचो. घेणारा उंचावरून ओततो, विकणारा..." आणि सगळं भोईरपुराण सांगून टाकलं. मी छताकडे बघू लागले. साहेब ठाण्याच्या सातव्या मजल्यावर वाढले. भात त्यांनी पाच किलोच्या पिशवीत बघितलेला.

शिंदे साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि तसंच धरून ठेवलं. "अस्सं. आमच्याकडे पण होती पायली. तुमच्या पायलीत शेर किती?"

साहेबांच्या कपाळावर तोच चौतीस काडतुसांचा घाम आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शिंदे साहेबांच्या नजरेच्या टप्प्यातच होते, मला पापणीही हलवता येत नव्हती. फॉर्म टेबलावर होता, आणि फॉर्मवर खोटं होतं. लॉट जाणार, आणि लॉट गेला की ड्रॉवर उघडणार, हे मला लख्ख दिसत होतं.

तेव्हा शिंदे साहेबांच्या पाठीमागे भोईरांनी ट्रॉलीवरचा हात छातीपाशी उचलला. चार बोटं.

"चार," साहेब म्हणाले. मग जरा दम घेऊन, "चार शेर, सर."

"बरोबर," शिंदे साहेब म्हणाले आणि सही केली.

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली तसे साहेब केबिनमध्ये गेले, ड्रॉवर उघडला आणि पत्र फाडलं. लॅपटॉपमधलंही काढलं, मी शेजारी उभी राहून काढायला लावलं. तुकडे मी टोपलीतून वेचून जाळायच्या पिशवीत टाकले, कारण माझा टोपलीवर विश्वास नाही. साहेब बाहेर येऊन भोईरांना म्हणाले, "भोईर, सॉरी." भोईर म्हणाले, "चालतंय." आणि पेट्या मोजायला गेले.

संध्याकाळी कंपनीच्या गाडीची वाट बघत आम्ही फाटकाशी उभे होतो. मला राहवेना. मी विचारलं, "भोईर, खरं सांगा. त्या माणसाने तुमच्यावर आळ घेतला, तुमची युक्ती ढापली, तुमच्या बापाची गोष्टसुद्धा ढापली. हात वर केलात तेव्हा तीन बोटं दाखवावीत असं नाही वाटलं?"

भोईर हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

"लय वाटलं, बाई. तीनच काढलेली पयले. पन म्हटलं, साहेबाचं काय व्हयाचं ते व्हवो, माप खोटं कसं दाखवू?"

मी एकतीस वर्षं मापाच्या खात्यात काढली, तरी सांगते, त्यांच्या जागी मी असते तर तीनच दाखवली असती. म्हणून स्टोअरची चावी अजून त्यांच्याच गळ्यात आहे, आणि ती तिथेच बरी आहे.